भिंतीच्या पोटात साचणारे पाणी

उष्णतारोधक बसवलेल्या भिंतीला काही वर्षांनी ओल आली की संशय आधी छतावर आणि मग नळाच्या पाइपांवर जातो. पुष्कळदा दोष यांपैकी कशाचाच नसतो. ते पाणी खोलीतल्या हवेतूनच बाष्परूपाने भिंतीत शिरलेले असते आणि आतल्या एखाद्या थंड थरापाशी त्याचे पुन्हा पाणी झालेले असते.

हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते. ० अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि वाळत घातलेले कपडे यांमुळे घरातल्या हवेत बाष्पाची सतत भर पडत असते. खोलीचे तापमान २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या जरा वर येतो. म्हणजे तिला त्याहून थंड पृष्ठभाग भेटला, की तिथे पाणी सुटू लागते.

बाष्प नेहमी अधिक बाष्पदाबाकडून कमी बाष्पदाबाकडे सरकते, आणि भिंतीतली सूक्ष्म छिद्रे त्याला वाट देतात. एखादा पदार्थ या वाटेत किती अडथळा आणतो, हे तेवढ्याच जाडीच्या स्थिर हवेशी तुलना करून सांगतात. ग्लासवूल आणि रॉकवूल या काचेच्या व दगडाच्या तंतूंच्या उष्णतारोधकांचा हा गुणांक १ च्या आसपास असतो, म्हणजे बाष्पाच्या दृष्टीने ते जवळजवळ नसल्यासारखेच. थर्मोकोलचा गुणांक घनतेनुसार साधारण २० ते १०० असतो, तर फेसाळ काचेतून बाष्प जवळजवळ जातच नाही. या गुणांकाला जाडीने गुणले की खरा अडथळा कळतो: १० सेंटिमीटर रॉकवूल म्हणजे १० सेंटिमीटर स्थिर हवा, पण ०.१५ मिलिमीटर जाडीचा पॉलिथिनचा कागद म्हणजे तब्बल ५० मीटर हवा.

तरीही केवळ या आकड्यांवरून अमुक पदार्थ चांगला आणि तमुक वाईट असे ठरवणे मला चुकीचे वाटते, कारण निर्णायक ठरतो तो थरांचा क्रम. २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत घेऊ. बाहेर ० अंश, आत २० अंश. तिला आतल्या बाजूने १० सेंटिमीटर रॉकवूल लावले, तर खोलीची ऊब विटांपर्यंत पोहोचतच नाही आणि रॉकवूल व वीट यांच्या सांध्याचे तापमान २ अंशांच्या आसपास उतरते. बाष्प मात्र रॉकवूलमधून सहज तिथवर पोहोचते. दवबिंदू ९ अंश आणि पृष्ठभाग २ अंशांचा, तेव्हा पाणी साचणारच. तेच रॉकवूल त्याच भिंतीला बाहेरून लावले, तर सांध्याचे तापमान १७ अंशांच्या आसपास राहते आणि वीट कोरडी राहते. सामान तेच, खर्च झालेली जाडी तीच; बदलली ती फक्त जागा.

साचलेल्या पाण्याने उष्णतारोधकाचे कामच बिघडते, कारण त्याची सगळी मदार स्थिर हवेच्या कप्प्यांवर असते आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. लाकूड कुजते, खिळे गंजतात. बुरशीला तर पाण्याच्या थेंबाचीही गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांवर राहिली तरी तिला पुरते.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे उबदार बाजूला बाष्परोधक पडदा बसवणे. पण उबदार बाजू कोणती, हे हवामानावर अवलंबून असते. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २७ अंश असतो. वातानुकूलित खोली २४ अंशांवर असते. अशा वेळी बाष्प बाहेरून आत सरकते आणि थंड प्रदेशाच्या रिवाजाने आतून लावलेल्या पॉलिथिनमागे किंवा व्हिनाइलच्या वॉलपेपरमागे अडून तिथेच थंड होते. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही तीव्र असतील तिथे पॉलिअमाइडचे (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे) पडदे उपयोगी पडतात: कोरड्या हवेत ते बाष्प अडवतात, आर्द्रता वाढली की त्याला वाट देतात, त्यामुळे हिवाळ्यात भिंतीत शिरलेला ओलावा उन्हाळ्यात बाहेर पडू शकतो.

पडद्याच्या दर्जापेक्षाही त्याचे सांधे अधिक जपावे लागतात. स्विचबोर्डाभोवतीच्या फटीतून किंवा नीट न चिकटवलेल्या जोडातून हवाच वाहू लागली, तर ती झिरपणाऱ्या बाष्पाच्या कितीतरी पट ओलावा सोबत नेते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हेल्मुट ग्लासर यांनी मांडलेली, भिंतीत पाणी साचेल का हे ताडणारी आणि आजही वापरात असलेली गणनपद्धत ही वाहती हवा धरत नाही, पावसाने भिजलेली भिंतही धरत नाही. म्हणून कागदावर सुरक्षित ठरलेली भिंत प्रत्यक्षात ओली निघू शकते.

जुन्या वास्तूचा दर्शनी भाग झाकता येत नसेल आणि आतूनच काम करणे भाग असेल, तर कॅल्शियम सिलिकेटचे किंवा लाकडी तंतूंचे फलक विचारात घ्यावेत. सांध्यापाशी सुटलेले पाणी ते केशाकर्षणाने ओढून खोलीच्या बाजूला पसरवतात, आणि तिथून ते पुन्हा हवेत उडून जाते. मात्र फलक आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. मसाला ठिपक्याठिपक्यांनी न लावता संपूर्ण पाठीवर सलग पसरूनच फलक चिकटवावा, कारण पोकळीतल्या थंड विटेवर जमलेले पाणी फलकाला ओढून घेता येत नाही.