कात्री नक्की कशाला लागते? स्वतंत्र सिनेमातली जवळीक आणि एनसी-१७ ची पार्श्वभूमी

इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे सेटवर जवळिकीचे सीन कलाकारांच्या संमतीने बसवून घेणारी व्यक्ती, हवी की नको यावरचे वाद वाचताना असं वाटतं की पडद्यावरच्या जवळिकीचा प्रश्न २०१७ नंतरच कुणाला तरी सुचला. तसं नाहीये. त्याआधी निदान वीस-पंचवीस वर्षं हे भांडण चालू होतं आणि त्यातला मोठा वाटा मोठ्या स्टुडिओंबाहेर, कमी पैशात स्वतंत्र सिनेमे करणाऱ्यांनी उचलला, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. अमेरिकेपुरतंच मुख्यतः, कारण तिथलं रेटिंग, म्हणजे सिनेमा कुठल्या वयाच्यांनी बघावा याचा शिक्का, तिथल्या सिनेमांचं नशीब ठरवतं.

अगदी जुना भाग पटकन उरकते. १९३४ पासून प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडची नियमावली, कडकपणे लागू झाला, १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हीसुद्धा अभिव्यक्ती आहे असं मान्य केलं, युरोपातून येणाऱ्या सिनेमांनी कोड हळूहळू खिळखिळा केला आणि नोव्हेंबर १९६८ पासून रेटिंग आलं. सगळ्यात वरचं, फक्त मोठ्यांसाठीचं रेटिंग एक्स. घोळ असा झाला की बाकीची रेटिंगं ट्रेडमार्क केली पण एक्स तेवढं मोकळं ठेवलं, म्हणजे ते कुणीही स्वतःच लावून घेऊ शकत होतं. १९६९ चा एक एक्सवाला सिनेमा तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला, पण पुढच्या काही वर्षांत पॉर्नवाल्यांनी एकाच्या जागी तीन एक्स लावायला सुरुवात केली आणि ते अक्षर कायमचं बाटलं.

खरी गोष्ट माझ्या मते १९८९ पासून सुरू होते. 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' हा साधारण १२ लाख डॉलरमध्ये झालेला सिनेमा त्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. नावात सेक्स आहे पण उघडं अंग जवळपास नाहीच, माणसं बसून बोलतात, एक जण बायकांना त्यांच्या इच्छांबद्दल प्रश्न विचारतो आणि ते रेकॉर्ड करतो, आणि ते बोलणं बघताना आपण जितके अवघडतो तितके कुठल्याही बेडसीनला अवघडत नाही. लैंगिकता म्हणजे शरीर दाखवणं असं नाही, कोण कुणासमोर किती उघडं पडतं तेही त्यात येतं, हे या सिनेमाने दाखवून दिलं आणि तेही परवडेल अशा पैशात. पुढे १९९२ च्या सुमाराला समलिंगी नात्यांवरच्या सिनेमांची जी लाट आली, तिला एका समीक्षक बाईने 'न्यू क्वीअर सिनेमा' असं नाव दिलं, तीही अशाच छोट्या बजेटवर उभी राहिली.

मधेच १९९० मध्ये एक्स गेलं आणि एनसी-१७ आलं, म्हणजे लहान मुलांना अजिबात प्रवेश नाही. त्या उन्हाळ्यात एका स्पॅनिश सिनेमाच्या वितरकाने एक्स मिळालं म्हणून खटला भरला होता, तो हरला, पण न्यायाधीशांनी रेटिंगच्या पद्धतीवरच जोरदार ताशेरे ओढले. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे नवं, यावेळी ट्रेडमार्क केलेलं रेटिंग जाहीर झालं. कल्पना चांगली होती, मोठ्यांसाठीचा गंभीर सिनेमा आणि पॉर्न वेगळे दिसतील. झालं उलटंच. कित्येक वर्तमानपत्रांनी जाहिराती घ्यायला नकार दिला, व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या सगळ्यात मोठ्या साखळीने कॅसेटच ठेवल्या नाहीत, आणि 'सिनेमा आर रेटिंगमध्येच (सतराच्या आतल्यांना मोठ्यांसोबत प्रवेश) बसवून द्यायचा' अशी अट दिग्दर्शकांच्या करारात सर्रास दिसू लागली. मोठा स्टुडिओ दोन सीन कापून मोकळा होतो, पण ज्या सिनेमाचा जीवच त्या दोन सीनमध्ये आहे त्याने काय करायचं?

१९९९ चा 'बॉइज डोन्ट क्राय' आठवा. त्यात बलात्कार आहे, खून आहे, बघवत नाही इतकं सगळं आहे. दिग्दर्शकाने नंतर २००६ च्या एका डॉक्युमेंटरीत सांगितलं की रेटिंग देणाऱ्या बोर्डाला हिंसेपेक्षा जास्त खटकला तो एका बाईचा सुखाच्या क्षणाचा शॉट, कारण तो फार लांबला होता. चेहऱ्याचा शॉट! त्याच डॉक्युमेंटरीत एका जोडगोळीचा अनुभव आहे, १९९७ मध्ये त्यांच्या स्वतंत्र सिनेमाला एनसी-१७ मिळालं तेव्हा काय कापायचं ते सांगितलं गेलं नाही, आणि दोनच वर्षांनी मोठ्या स्टुडिओसाठी सिनेमा केला तेव्हा कुठे काय बदलायचं याच्या सविस्तर नोट्स आल्या. या टीकेनंतर २००७ मध्ये नियम थोडे सैल झाले, अपील करताना दुसऱ्या सिनेमांची उदाहरणं देता येऊ लागली. त्याआधी तेही करता येत नव्हतं.

आता 'ब्ल्यू व्हॅलेंटाइन'. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळी गुंतागुंत या एकाच निर्णयात सापडते. २०१० चा सिनेमा, एका जोडप्याचं प्रेम जमण्याचं आणि लग्न विस्कटण्याचं चित्रण. जमण्याचा काळ फिल्मवर शूट केला, विस्कटण्याचा डिजिटलवर, आणि या दोन शूटिंगच्या मधल्या महिनाभरात दोघं मुख्य कलाकार दिवसाचे तासन्‌तास एका घरात राहिले, पात्रांच्या पगारात बसेल एवढंच सामान आणायचं, स्वयंपाक करायचा, भांडायचं. सांगायचा मुद्दा हा की पडद्यावर जी जवळीक दिसते ती घासाघिशीतून आलेली आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेमाला एनसी-१७ मिळालं. सिनेमात नायक नायिकेला मुखमैथुनाने सुख देतो असा सीन आहे, दिसतं फारच थोडं, पण ते खरं वाटतं, आणि वाद मुख्यतः त्यावरच पेटला. सिनेमातल्या नायकाने जाहीरपणे विचारलं की बाई पुरुषाला सुख देते असे सीन आर रेटिंगमध्ये चालतात मग उलटं दाखवलं की ते पॉर्न कसं होतं? त्याच हंगामातल्या दुसऱ्या एका सिनेमात दोन बायकांमधला तसाच सीन होता आणि त्याला आर मिळालं होतं, फरक एवढाच की तो सीन भासाचा, थरारक, सजवलेला होता. डिसेंबर २०१० मध्ये अपील झालं आणि एकही फ्रेम न कापता एकमताने आर मिळालं.

काही जण म्हणतात बघा, यंत्रणा चालते, अपील केलं आणि न्याय मिळाला. मला हे पटत नाही. त्या सिनेमामागे दमदार वितरक होता, नावाजलेले कलाकार होते, वादाची बातमी झाली. ज्यांच्यामागे यातलं काहीच नसतं ते निमूटपणे कापतात किंवा रेटिंग न घेताच चार थिएटरांत लावतात. बोर्डाची बाजूही आहे, आपण पालकांना सावध करतो, कलेचं मोजमाप करत नाही असं ते म्हणतात आणि ते खोटं नाही. पण मग सजवलेला सीन सुटतो आणि खरा वाटणारा अडकतो, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

यानंतर चर्चेचा रोख पडद्यावरून सेटकडे वळला. २०१३ मध्ये 'ब्ल्यू इज द वॉर्मेस्ट कलर' या सिनेमासाठी पाम द'ओर दिग्दर्शकासोबत दोन्ही नायिकांनाही दिलं गेलं आणि नंतर त्याच दोघींनी शूटिंग किती त्रासदायक होतं, एकेका सीनला किती दिवस लागले ते सांगितलं. जवळीक खरी वाटली म्हणजे ती नीट मिळवलेली असते असं नाही, हे माझ्यासारख्या कौतुक करणाऱ्यांनाही तेव्हा कळलं. मग २०१७ चं मी टू, २०१८ पासून टीव्हीवर इंटिमसी कोऑर्डिनेटर, २०२० मध्ये कलाकारांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं. काम तसं साधं आहे, काय दाखवायचं आणि काय नाही ते करारासोबतच्या न्यूडिटी रायडरमध्ये आधीच लिहायचं, सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवायची, कुठे हात जाईल ते फाइटसीनसारखं बसवून घ्यायचं, आणि कलाकाराला नाही म्हणायची सोय ठेवायची.

छोट्या सिनेमात अडचण पैशाची असते, आणि कधी कधी इच्छेची. साधारण ६० लाख डॉलरमध्ये बनलेल्या आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळवलेल्या सिनेमाच्या नायिकेने सांगितलं की कोऑर्डिनेटर देऊ केली होती, आम्हीच नको म्हटलं. त्यावर बराच गदारोळ झाला. तिचा निर्णय तिचा होता, पण नवख्या मुलीला असं 'नको' म्हणताना खरंच मोकळीक असते का हा प्रश्न उरतोच. आणि रायडरमध्ये लिहिलं जातं ते शरीराचं, कुठला अवयव, किती सेकंद, कुठल्या अँगलने. एका घरात महिनाभर खोटा संसार करायचा, खरं भांडायचं, त्याचा अंगावर जो परिणाम होतो त्यासाठी त्या कागदावर अजून रकाना नाही.