रायफलीचा जुना काळा हलका स्टॉक म्हणजे केवलारच? जरा थांबा

अमेरिकेत जुन्या रायफली घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की जुना काळा, हलका स्टॉक (रायफलीचा हातात धरायचा, खांद्याला टेकवायचा भाग) दिसला की तो केवलार (मजबूत, हलका कृत्रिम धागा) नाहीतर कार्बन फायबरचाच, हजार डॉलर कुठे गेले नाहीत. असं वाटणं साहजिक आहे, बाहेरून सगळे सारखेच दिसतात. पण नायलॉनच्या स्टॉकची .22 (लहान गोळीची) रायफल तिथे 1959 मध्येच बाजारात आली होती, म्हणजे जुनं आणि लाकूड नाही एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

रंगावर तर अजिबात जाऊ नका, तो वरून मारलेला असू शकतो, कार्बनची जाळीसुद्धा नुसती छापलेली असू शकते. आधी रायफल रिकामी आहे ना बघा, मग स्क्रू काढून स्टॉक वेगळा करा आणि आतून नीट बघा. पुढच्या भागात प्लास्टिकच्या आडव्या-उभ्या पट्ट्या आणि मध्ये पोकळी दिसली तर तो साच्यात ओतलेला, स्वस्तातला. हाताने थर देऊन बनवलेल्यात कापडाची वीण आणि रेझिन (थर चिकटवणारा, वाळून कडक होणारा राळेसारखा पदार्थ) दिसतं, केवलार सोनेरी पिवळं, कार्बन काळं, काच फायबर पांढरट. नुसता स्टॉक वजनकाट्यावर ठेवा, ओतलेले साधारण किलोच्या आसपास जातात, खरे हलके बरेच खाली.

आणि खरा निघाला तरी भाव ठरतो तो कुठल्या अ‍ॅक्शनला (रायफलीच्या गोळी भरून झाडणाऱ्या यंत्रणेला) बसतो, मागून कापून आखूड केलाय का, मनगटाजवळ (ट्रिगरमागच्या मुठीच्या बारीक भागाजवळ) तडा आहे का यावर.