धातू बदलला की बॅरियर तेवढाच बदलतो? अजिबात नाही

नोट्समध्ये वर्षानुवर्षं एकच येतं, धातूचं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) वजा सिलिकॉनची इलेक्ट्रॉन अफिनिटी (बाहेरचा इलेक्ट्रॉन सिलिकॉनमध्ये आला की सुटणारी ऊर्जा) केली की शॉटकी बॅरियर, म्हणजे धातू-सिलिकॉनच्या जोडावर इलेक्ट्रॉनला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मिळाला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला छोटा काळा शॉटकी डायोड हातात धरून मुलंही हेच सांगतात, खरंच वाईट वाटतं. हिशोब करून बघा ना, एन टाइप (जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेल्या) सिलिकॉनवर ॲल्युमिनियमचा साधारण ०.२ आणि सोन्याचा १ इलेक्ट्रॉन व्होल्ट यायला हवा, पण मोजला की दोन्ही ०.७ ते ०.८ च्या आसपासच भरतात! कारण सिलिकॉनच्या १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅपमध्ये (एरवी इलेक्ट्रॉनला राहता येत नाही त्या ऊर्जेच्या पट्ट्यात), अगदी जोडापाशी, इलेक्ट्रॉनसाठी जागा असतात, त्याच चार्ज झेलतात नि फर्मी लेव्हल (साधारण जिथपर्यंत इलेक्ट्रॉन भरलेले असतात ती ऊर्जेची पातळी) तिथेच अडकून बसते, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बार्डीनने १९४७ मध्येच सांगितलंय. पुढे १९६५ ला भौतिकशास्त्रज्ञ फोल्कर हायनेने दाखवलं की धातूतल्या इलेक्ट्रॉनच्या लाटा थोड्या आत झिरपतात, म्हणजे एकदम स्वच्छ जोडावरही या जागा तयार होतातच.