पोकरचा अभ्यास : डाव मोडल्यानंतरचा

गणपतीच्या जागरणाला सोलापुरात रमी रंगते, दिवाळीत तीन पत्ती. डाव मोडला की पत्ते गुंडाळून सगळे घरी. ‘तिथं मी पॅक व्हायला (पानं टाकून डाव सोडायला) हवं होतं का?’ हे दुसऱ्या दिवशी वही काढून कोणी तपासत नाही. पोकरमध्ये मात्र या तपासालाच शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात गणितज्ञांचा मोठा वाटा आहे.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये दोघांच्या खेळांवर निबंध लिहिला. 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबतच्या ग्रंथात त्यांनी पोकरला स्वतंत्र विभाग दिला. थाप मारणं हे धाडस नसून हिशेब आहे, हे त्यात सिद्ध झालं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. शेवटच्या फेरीत पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांत, 100 रुपये आहेत आणि तुम्ही 100 लावले, तर समोरचा 200 मिळवण्यासाठी 100 घालतो. अशा तीन बेटींपैकी एक थाप असावी. जास्त थापा मारल्या तर तो दर वेळी कॉल करेल (तेवढेच पैसे घालून पानं उघडायला लावेल), कमी मारल्या तर दर वेळी पानं टाकेल.

पुढे सत्तरच्या दशकाअखेर टेक्सासच्या डॉयल ब्रन्सन यांनी व्यावसायिकांच्या युक्त्या पुस्तकात उघड केल्या. 2003 मध्ये ऑनलाइन पात्र ठरलेला अकाउंटंट ख्रिस मनीमेकर पोकरचा जगज्जेता झाला. ऑनलाइन खेळात प्रत्येक डावाची नोंद राहू लागली आणि अभ्यासाला कच्चा माल मिळाला. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने दोघांचा मर्यादित बेटींचा होल्डम हा पोकरचा प्रकार जवळपास पूर्ण सोडवला. 2017 मध्ये लिब्राटस या प्रोग्रामने 1,20,000 डावांत चार नामवंत खेळाडूंना हरवलं. आज अभ्यासू खेळाडू सॉल्व्हरपुढे, म्हणजे योग्य खेळी काढून देणाऱ्या प्रोग्रामपुढे, बसतो.

आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. वहीतल्या अभ्यासाला पैसा लागतच नाही, आणि तीन पत्ती त्यासाठी उत्तम. तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत ट्रेल (तिन्ही पानं एकाच किमतीची) फक्त 52, जोड्या 3,744. जोडी, रंग, सिक्वेन्स यांपैकी काहीच नाही असे हात 16,440. म्हणजे चारांत तीन वेळा समोरच्याच्या हातात साधी जोडीही नसते.