संघनेतृत्व आणि प्रौढ खेळाडूंची प्रेरणा

सांघिक खेळात वयाने व अनुभवाने परिपक्व झालेल्या खेळाडूलाही कर्णधार, प्रशिक्षक किंवा सहखेळाडू यांच्याकडून दिशा आणि उत्तेजन मिळण्याची गरज का भासते, याचा विचार क्रीडामानसशास्त्रात संघनेतृत्वाच्या अभ्यासात केला जातो. ही गरज म्हणजे मनाचा कच्चेपणा, हा मैदानाबाहेर रूढ असलेला समज चुकीचा आहे. तिचे मूळ सांघिक श्रमाच्या स्वरूपातच आहे. एकट्याने धावणाऱ्याला घड्याळ लगेच हिशेब देते. संघातील माणसाची मेहनत मात्र इतरांच्या मेहनतीत मिसळून जाते आणि आपण आज किती जोर लावला, हे त्याचे त्यालाही नीट उमगत नाही.

फ्रेंच कृषी-अभियंता माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांतून हे दाखवून दिले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ८ माणसे मिळून दोर ओढतात, तेव्हा त्यांच्या स्वतंत्र ताकदींच्या बेरजेच्या निम्माही जोर लागत नाही. काही घट सर्वांचा झटका एकाच क्षणी न बसल्यामुळे होते. परंतु १९७४ मध्ये ॲलन इंगम व सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या व्यक्तींना, मागे आणखी माणसे दोर ओढत आहेत, असे नुसते भासवले, तरीही त्यांचा जोर कमी झाला. मराठीत यासाठी ‘अंग चोरणे’ हा नेमका वाक्प्रचार आहे. फरक इतकाच, की येथे चोरणाऱ्याला आपण चोरतो आहोत याची बहुधा जाणीव नसते. पुढील प्रयोगांत प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जाणार आहे, असे कळताच ही घट जवळजवळ नाहीशी झाली. कर्णधाराची नजर हेच काम करते: गर्दीत हरवलेली मेहनत ती पुन्हा एका नावावर मांडते.

सहकाऱ्याकडून चालना मिळण्याची ही गरज खो-खोने तर नियमातच बांधली आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि त्यांतील कोणीही, कितीही चपळ व अनुभवी असला तरी, पाठीमागून सहकाऱ्याचा ‘खो’ मिळेपर्यंत उठू शकत नाही. खो नीट मिळण्यापूर्वी उठल्यास तो नियमभंग ठरतो.

इंदूरमध्ये या विषयाचे मोठे उदाहरण म्हणजे होळकर संस्थानाचा क्रिकेट संघ. तुकोजीराव होळकरांच्या आमंत्रणावरून इंदूरला आलेले, मूळचे नागपूरचे कर्नल सी. के. नायडू हे १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. त्यांच्या काळात होळकर संघाने १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ आणि १९५२–५३ अशी ४ वेळा रणजी स्पर्धा जिंकली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारख्या खेळाडूंना फलंदाजी शिकवण्याची गरज नव्हती; तरीही शिस्तीचा एक समान मापदंड त्यांना हवा होता, आणि तो कर्णधाराच्या वागण्यातून दिसत होता. १९४५–४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या; त्यात ६ शतके होती आणि त्यांपैकी एक पन्नाशीतल्या नायडूंचे होते. बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा काढल्या. ज्याला तिशीतल्या माणसाकडून मेहनत करून घ्यायची आहे, त्याच्याजवळ यापेक्षा परिणामकारक भाषण नसते.

मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला तो जून २०२२ मध्ये, मुंबईला बंगळूरमध्ये हरवून. तेव्हाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेच १९९८–९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि त्याच शहरात कर्नाटकाविरुद्ध त्यांना पराभव पत्करावा लागला होता. पंडितांची ख्याती कडक शिस्तीची आहे.

कडकपणा मात्र सर्वांना सारखा मानवत नाही. भारतात जन्मलेले क्रीडा-अभ्यासक पॅकिअनाथन चेल्लादुराई यांच्या प्रारूपानुसार परिस्थितीला आवश्यक असलेले, खेळाडूंना हवे असलेले आणि नेता प्रत्यक्षात करीत असलेले वर्तन जितके जुळते, तितकी कामगिरी व समाधान वाढते. प्रौढाच्या बाबतीत हे जुळवणे अवघड असते, कारण त्याला मार्गदर्शन हवे असते, पण चारचौघांत पाणउतारा नको असतो. नवख्याला भर मैदानात सांगता येणारी चूक त्याला डाव संपल्यावर बाजूला घेऊन सांगावी लागते.

हौशी संघांत ही गरज सामन्यापेक्षा सरावाच्या वेळी अधिक दिसते. इंदूरच्या चिमणबाग मैदानावर सकाळी खेळायला येणाऱ्या नोकरदार माणसाला मानधन नसते, निवड समितीची धास्ती नसते आणि न येण्याची कारणे भरपूर असतात. अशा संघाचा कर्णधार बहुतेक वेळा सर्वांत चांगला खेळणारा नसतो. आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करून ‘उद्या येतोयस ना? तुझ्याशिवाय यष्टीमागे कोणी नाही’ असे सांगणारा तो असतो.