गॅलरीत सिगारेट ओढली तरी धूर घरातच येतो

"मी घरात ओढतच नाही, गॅलरीत जातो." सांगणाऱ्याला हे मनापासून खरं वाटतं. पण त्या वेळी आत उभं राहून बघा. झुळूक आली की पडदा आत फुगतो आणि त्याच्यामागोमाग धूर येतो, थेट पाळण्यापर्यंत. खिडक्या उघडून, पंखा लावून किंवा वेगळी खोली ठेवून हा धोका पूर्ण टळत नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित मात्राच नसते. मुलांचा दमा त्यानं बळावतो, कान दुखणं मागे लागतं.

सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहे, पण घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबतो. मग म्हणतात, बाईनं सांगावं. सासरे ओढत असतील तर सून काय बोलणार? केरळातल्या काही वस्त्यांत म्हणूनच एकेकट्या बाईवर भार टाकला नाही. बायकांच्या बैठका झाल्या, पुरुषांशी बोलणं झालं आणि 'आमच्या घरांत धूम्रपान नाही' असं वस्तीनंच मिळून ठरवलं. मला हा मार्ग फार मोलाचा वाटतो. "बाबा, वस्तीचं ठरलंय," एवढं सूनही म्हणू शकते.