प्लास्टिकच्या बंदुकीचा खुलासा

"थ्रीडी प्रिंटरमधून निघालेली प्लास्टिकची बंदूक विमानतळावर सापडत नाही अन् कायद्याच्या कचाट्यातही येत नाही," असं नागपुरातल्या सीताबर्डीच्या चहाटपरीवर कित्येक वर्षं ऐकतोय. दोन्ही खोटं. २०१३ साली अमेरिकेत गाजलेल्या 'लिबरेटर' या प्रिंटरवरच्या बंदुकीमध्येसुद्धा लोखंडी खिळा होता, गोळी तर धातूचीच. शिवाय सोनेगावच्या विमानतळावर सामान एक्स-रेखालून जातं, त्यात प्लास्टिकचाही आकार दिसतो. कायद्याचं म्हणाल, तर १९५९चा शस्त्र कायदा यंत्र कोणतं ते विचारत नाही. छापा नाहीतर ठोका, विनापरवाना बनवली की गुन्हाच. २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. आमच्या गल्लीतली पोरं याच प्रिंटरवर शाळेचे प्रकल्प करतात. त्यांच्याकडे संशयानं पाहू नका बाप्पा!